वेदीपाशी सोडलेलं कोहळं

मी कोहळं बोलतोय. पुण्या-मुंबईकडे मला लाल भोपळा म्हणतात, म्हणोत बापडे. आमच्या मूर्तिजापुरात मी कोहळंच. रंगाने केशरी, अंगाने वजनदार आणि स्वभावाने चौकस. एका जागी पडून राहणाऱ्याला माणसं बघण्याखेरीज दुसरं काम तरी काय?

माझं मूळ शकुनबाईंच्या अंगणात. भांडी धुतलेलं पाणी त्या न चुकता माझ्या वेलाला घालायच्या. वेल मात्र कुंपण ओलांडून त्यांच्या धाकट्या जावेच्या, नीलमच्या, टिनाच्या छपरावर चढला आणि मी तिथे धरलो. टिन तापतं म्हणून नीलमने माझ्या बुडाखाली जुन्या लुगड्याची चुंबळ सारली. संध्याकाळी शिडीवर चढून ती मला थोपटायची आणि पुटपुटायची, "देवा, हे तुह्यं."

अंगणाची वाटणी झाल्यापासून दोघी जावांचं बोलणं कामापुरतंच होतं. मग मी कुणाचा? मला कुणी विचारलंच नाही.

चर्चमध्ये हंगामाचा सण आला. त्या रविवारी जो तो घरचं पीक वेदीपुढे ठेवतो, उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि मग पंगत बसते. सकाळी नीलम दूध आणायला गेली, तेवढ्यात शकुनबाई शिडीवर चढल्या. "वेल माहा, फळ माह्यं," असं म्हणत मला खुडून घेऊन गेल्या. चुंबळ छपरावरच राहिली.

वेदीपुढे ज्वारीची कणसं होती, सीताफळं होती, पण सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. शकुनबाई पदर सावरत हसत होत्या. त्यांच्या शेजारची नीलमची जागा तेवढी रिकामी होती.

मग पाळकसाहेबांनी शास्त्रपाठ वाचला. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर ते अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. सगळे एका सुरात "आमेन" म्हणाले. मला वाटलं, आता निम्मं चर्च रिकामं होणार. कुणी हललंसुद्धा नाही. मी चकितच झालो.

तेवढ्यात शकुनबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि त्या उठल्या.

"कोठी चालल्या बाई? लिलाव व्हाचा हाये अजून," खजिनदार उत्तमराव कुजबुजले.

"घरी. कोहळ्याले हात नोका लावू."

लिलाव झाला, सगळं विकलं गेलं, उरलो मी. वरणाचा वास दरवळत होता, पोरं कुरकुरत होती. उत्तमरावांना राहवेना. "साहेब, पंगत खोळंबली. लावून टाकू का बोली?"

"मीच तं वाचलं आत्ता, उत्तमराव," पाळकसाहेब म्हणाले. "थांबू आपन."

माझी मात्र धाकधूक. नीलमने दार लावून घेतलं तर? मग मी ना देवाचा, ना माणसांचा.

अखेर दोघी दारात आल्या. शकुनबाईंचे डोळे लाल होते. मागे नीलम, हातात माझी चुंबळ.

"मी रागानं घरी नव्हती बसली, साहेब," नीलम म्हणाली. "फळ धरलं तवाच मी हे देवाले बोलली होती. सकाळी छप्पर रिकामं दिसलं. देवाच्या घरी रिकाम्या हातानं कसं यावं?"

शकुनबाईंनी पदराने डोळे पुसले. "देवाचंच चोरून देवाले आनलं मी," त्या म्हणाल्या. "तिले एकदा इचारलं असतं तं तिनंच काढून देल्लं असतं."

नीलमने माझ्याखाली चुंबळ सारली. दोघींनी मिळून मला उचललं आणि पुन्हा वेदीपुढे ठेवलं. भुकेल्या उत्तमरावांनी पहिल्याच बोलीत मला घेतलं आणि लगेच दोघींच्या हवाली केलं. "आता याची गोड बोंडं तळा आन् सगळ्याईले खाऊ घाला."

तर मंडळी, हे माझं शेवटचं बोलणं. अर्धा मी शकुनबाईंच्या विळीवर आहे, अर्धा नीलमच्या कढईत. बिया सुपात वाळताहेत, त्या कुंपणालगत लावायच्या ठरल्या आहेत. वेल कुठल्याही बाजूला जावो, त्याला जाऊ द्या.

आणि एक विनंती. पुढच्या वेळी "आमेन" म्हणण्याआधी शेजारच्या रिकाम्या जागेकडे एकदा बघा. कोण आलं नाही, आणि का? माझ्या बियांतून आलेलं कोहळं वेदीपुढे पडून बघत असेल, तुमच्यातलं कोण उठतं ते.