अंडी, पाहुणे आणि एक पंखा

शनिवारी दुपारी आलेल्या आंधीत बूढ़ापारा मोहल्ल्यातला भलामोठा कडुनिंब तारांवर आडवा झाला आणि अख्ख्या गल्लीची लाइट गेली. रविवार उजाडला तरी ती आली नव्हती. शेखररावांना झाडाचं वाईट वाटलं, पण जीव टांगणीला लागला होता तो बैठकीतल्या माशांच्या काचेच्या टाकीपायी.

रेल्वेच्या ऑफिसात नोकरी आणि घरी माशांचा नाद, असा हा माणूस. त्यांच्या एंजल माशांच्या जोडीनं आजवर दरवेळी घातलेली अंडी आपणच खाऊन टाकली होती. या खेपेला मात्र नर-मादी शहाण्यासारखी रुंद पानावरच्या अंड्यांना परांनी वारा घालत होती. पाण्यात हवा सोडणारा छोटा पंप इन्व्हर्टरवर चालू होता. पण बॅटरी जुनी, त्यात रात्रभर घरात पंखे फिरलेले. आता तिचा लाल दिवा लागला होता.

आणि नेमके आजच पाहुणे येणार होते. त्यांच्या लेकीचं, गंधालीचं, आणि भिलाईच्या राजसचं लग्नाचं आपसात केव्हाच ठरलं होतं. आईवडिलांनी एकमेकांना भेटायचं तेवढं बाकी होतं.

"अहो, भर उन्हात येऊन राहिले ते लोक," कौमुदीबाई म्हणाल्या. "घामात बसवता का त्यांना? पंखा पायजेच."

"पंखा लावला तं घडीभरात सगळंच बंद पडते. एकटा पंप संध्याकाळपर्यंत टिकते."

"म्हणजे मासे मोठे का पोट्टी मोठी?"

शेखररावांनी पंख्यापुरती बॅटरी उरावी म्हणून पंपाचं बटन बंद केलं आणि टाकीकडे पाठ करून बसले.

गल्लीत गाडी शिरत नव्हती. पाहुणे ती बूढ़ा तालाबपाशी ठेवून पायी आले, लालबुंद होऊन. राजस, त्याचे वडील निरंजनराव आणि आई शर्मिष्ठाबाई, शाळेच्या मुख्याध्यापिका. पंखा लागला. पन्हं आलं.

"रस्ता बरा होता ना?"

"हो, बरा होता."

"गर्मी फार आहे."

"हो ना, फार आहे."

गप्पांची गाडी पुढे सरकेना. शेखररावांचे डोळे मात्र फिरून फिरून टाकीकडे जात होते. मादी पाण्याच्या वर येऊन तोंड उघडत-मिटत होती, तशीच घाईनं खाली अंड्यांपाशी जात होती. तिच्या पाठोपाठ नरही वर आला.

"रिटायरमेंटला अजून अवकाश असेल तुमच्या?" निरंजनरावांनी विचारलं.

"हो, दोघंही वर येऊन राहिले," शेखरराव म्हणाले.

गंधालीनं डोळे मिटून घेतले.

"कोण वर येऊन राहिलं?" शर्मिष्ठाबाईंनी विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. शेखररावांनी पंख्याचं, पंपाचं, अंड्यांचं सगळं भडाभडा सांगून टाकलं. कौमुदीबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

शर्मिष्ठाबाई उठल्या. काचेला नाक लावून पाहू लागल्या. "बाप्पा! ही माय जीव चालला तरी लेकरांना वारा घालून राहिली, अन् आपण बसलो पंख्याखाली! कुठं आहे बटन?" आणि त्यांनी स्वतःच खटकन पंखा बंद केला.

शेखररावांनी धावत जाऊन पंप लावला. टाकीत बुडबुडे उठले, इन्व्हर्टर केविलवाणा टीं टीं ओरडला आणि बंद पडला. बुडबुडेही थांबले.

"संपली बॅटरी," शेखरराव खचून म्हणाले.

"बॅटरी संपली, हात आहेत ना? लोटा द्या!"

शर्मिष्ठाबाईंनी पदर खोचला. टाकीतलंच पाणी लोट्यानं काढायचं आणि जरा उंचावरून धार धरून परत सोडायचं. त्या धारेसोबत हवा पाण्यात जाते. त्यांचा हात दुखला तसा राजस पुढे झाला. "अंकल, मैं करता हूँ."

"अरे धीरे!" गंधाली ओरडली. "अंडे बिखर जाएँगे. इधर, कोने में!"

"तो तुम ही कर लो न."

"बाजूला हो, दाखवते!"

निरंजनरावांनी शर्ट काढायची परवानगी मागितली आणि बनियनवर बसून वर्तमानपत्रानं सगळ्यांना वारा घालू लागले. कौमुदीबाईंना आधी हसू आवरेना, मग त्यांनीही लोटा हाती घेतला. मासे हळूहळू खाली पानापाशी स्थिरावले. शेजारचे धर्मपाल "का होगे भैया?" करत, काय झालं ते बघायला डोकावले आणि तेही एक पाळी करून गेले. भरलेली वांगी आणि भात पाळीपाळीनंच खाल्ला गेला. दुपारभर निरंजनराव आपल्या भिलाईच्या कारखान्यातल्या गमती सांगत होते आणि शेखरराव पोट धरून हसत होते.

ऊन कलल्यावर लाइट आली आणि गल्लीत एकच आरोळी उठली, "आ गे! आ गे!" पंप घुरघुरला. लोटा तसाच धरून गंधाली आणि राजस नाचायलाच लागले, आणि निम्मं पाणी निरंजनरावांच्या अंगावर गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिलाईहून शर्मिष्ठाबाईंचा फोन आला. कौमुदीबाई ऐकत होत्या. शेखररावांना राहवेना.

"काय म्हणून राहिल्या? लग्नाचं?"

"लग्नाचं अक्षर नाही," फोनवर हात ठेवून त्या म्हणाल्या. "पिल्लं निघाली का, ते विचारून राहिल्या."

शेखरराव टॉर्च घेऊन टाकीपाशी वाकले. पानावर कितीतरी बारीक शेपट्या थरथरत होत्या, आणि आईबाप अजून पहाऱ्यावर होते.

"निघाली म्हणा!" ते ओरडले. "अन् म्हणावं, बारशाला या. लग्नाचं तेव्हाच बोलून टाकू!"