आरशातली दक्षिण

भिवंडीजवळच्या राहनाळला दाजींच्या गोडाऊनसमोर दिवेलागणीला जत्रा भरली होती. हमाल, टेम्पोवाले, शेजारच्या बायका, सगळे माना वाकड्या करून एका मोटारीचा आरसा बघत होते. जमीन गोडाऊनला दिल्यावर दाजींनी हौसेने घेतलेली ही परदेशी बनावटीची जुनी मोटार. मागचं दाखवणारा तिचा आतला आरसा अंधारात मागून ट्रकचा उजेड पडला की आपोआप काळानिळा पडायचा. शिवाय त्याच्या कोपऱ्यात दिशांची इंग्रजी अक्षरं हिरवी चमकायची.

दाजींची सून ऋतिका ओट्यावर बसली होती. नववा महिना, पाय सुजलेले. सकाळपासून डोकं ठणकत होतं आणि आता डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले होते. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "प्रेशर वाढलंय. असं काही झालं तर थांबू नका, सरळ ठाण्याच्या हॉस्पिटलात न्या." ठाणं राहनाळच्या दक्षिणेला आणि घरात दक्षिणेचं नाव काढायची बंदी होती.

ही बंदी तेजोनाथ महाराजांची. आरसा काळा पडतो म्हणून तिचा नवरा धनेश घाबरून त्यांच्याकडे गेला होता. महाराजांनी आरशाला लाल कापडाचा एक जाडजूड ताईत बांधला. तेव्हापासून गाडी कुठेही वळवा, आरशात एकच अक्षर दिसायचं, एस.

"एस म्हणजे साऊथ, साऊथ म्हणजे दक्षिण, दक्षिण म्हणजे यमराज!" आताही महाराज गाडीशी उभे राहून घसा ताणून सांगत होते. "मशीन अंग्रेज की, लेकिन काटा यमाच्या हातात! माझ्या ताईताने त्याला धरून ठेवलाय म्हणून घर वाचलं. गाडी मठात सोडा. अमावास्येपर्यंत दक्षिणेला पाऊल टाकू नका."

यमाच्या गाडीला मठात मात्र जागा होती!

"आनि सूनबाईचं कसं?" दाजींनी चाचरत विचारलं.

"बाळंतपण घरीच. यमाच्या घरी कोणी स्वतःहून पाहुणं जातं काय?"

"रिक्षानं नेलं तरी दिशा तीच हाय गो बाय," सासू, आक्का, रडायला लागली.

ऋतिकाला दोन्हीकडे तेच दिसत होतं. राहिलं तर मरण, गेलं तरी मरण. बारावीपर्यंत विज्ञान शिकलेली ती पहिल्या दिवशी हसली होती. पण तो हिरवा एस रोज तिच्याकडे बघत राहिला आणि शिकलेलं सगळं पातळ झालं. शेवटी तिने चोरून मारियाला फोन केला होता. मारिया तिची शाळेतली मैत्रीण, आता भिवंडीत विज्ञान शिकवणारी.

मारिया रिक्षातून उतरली ती थेट ओट्याशी आली. "ऋतिका, ऊठ. निघायचं."

आक्का आडवी आली. महाराजांनी हात उंचावला. "जायचंय? मग पोरीने ताईताला हात लावून यमाची परवानगी घ्यावी!"

गर्दी गाडीभोवती सरकली. ऋतिका कशीबशी गाडीत बसली. थरथरता हात तिने ताईताकडे नेला, आणि बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन टुणकन वळून ताईताला चिकटली.

तिच्या तोंडून किंकाळी फुटली. "वढतोय! मला वढतोय!"

"बघा!" महाराज गरजले.

ऋतिकाने हात मागे घेतला. पिन सुटली. भीत भीत पुन्हा पुढे नेला. पिन चिकटली. काचेची बांगडी तशीच राहिली, सोन्याची पाटलीही हलली नाही. यमाला लोखंडच तेवढं कसं हवं?

"मारिया," ती पुटपुटली, "लोहचुंबक हाय यात."

मारियाने ताईत ओरबाडून फाडला. आतून स्पीकरमधली काळी चकती निघाली. "आरशातलं होकायंत्र पृथ्वीचं चुंबकत्व ओळखून दिशा दाखवतं. त्याच्या कानाशी एवढा चुंबक बांधला तर ते बिचारं याचंच ऐकणार! धनेश, ही चकती लांब फेक. आता गाडी आवारात सावकाश गोल फिरव."

गर्दीत उभ्या धनेशने ती भिरकावली आणि गाडी फिरवली. अक्षर बदललं, परत बदललं. आक्का काचेला नाक लावून बघत होती.

"आनि तो काला पडतो, त्याचं काय?" दाजी म्हणाले.

मारियाने मागच्या टेम्पोचा दिवा लावायला लावला. आरसा काळवंडला. त्यावरच्या बारीक डोळ्यावर तिने अंगठा ठेवला, तशी काच हळूहळू उजळली. "हा डोळा मागचा उजेड मोजतो, दुसरा पुढचा अंधार. पुढे काळोख आणि मागून झगझगाट असला की दोन काचांमधल्या रसायनात थोडी वीज जाते आणि ते गडद होतं. चालवणाऱ्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. बाकीचं नंतर, आधी हिला नेऊया!"

महाराज कधी सटकले ते कोणी पाहिलं नाही.

ठाण्याच्या वाटेवर कशेळीच्या पुलाजवळ आरशात पुन्हा एस उमटला. धनेशचा पाय ब्रेकवर गेला. ऋतिकालाही भीती वाटली, खोटं कशाला सांगू.

"थांबू नको," ती म्हणाली. "खरंच दक्षिण हाय. तिकडंच डॉक्टर हायत."

त्या रात्री तिला मुलगी झाली. "अजून उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या," डॉक्टरांनी सांगितलं. ते ऐकून आक्का खालीच बसली. जिथे पाऊल टाकू नका असं महाराज म्हणत होते, तिथेच तिची सून आणि नात श्वास घेत होत्या.

मंडळी, भीती कोणालाही वाटते, त्यात लाज नाही. पण भीती वाटली की हात जोडण्याआधी एकदा तो पुढे करून बघा. ऋतिकाचा हात थरथरत होता, तरी तिने तो दुसऱ्यांदा पुढे नेला. दोन जीव त्यानेच वाचले.