आवाज येतोय का?

रेवणसिद्ध सरांना रिकाम्या खोलीत फिजिक्स शिकवायची सवय झाली होती. आवड मात्र काही केल्या लागत नव्हती. लातूरच्या त्या क्लासचे खालचे तीन मजले पोरांनी गच्च भरलेले, जिन्यात चपलांचा खच, आणि वर चौथ्या मजल्यावर सर एकटे. समोर एक कॅमेरा, दोन दिवे आणि एक पडदा. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा, किती पोरं बघतायत त्याचा. ही गावाकडची बॅच. ज्यांना लातुरात खोली करून राहणं जमत नाही, अशी देगलूर, निलंगा, रेणापूरकडची पोरं संध्याकाळी सातला आपापल्या घरी मोबाइल उघडून बसायची.

तास सुरू करताना सर एकच प्रश्न विचारायचे, "आवाज येतोय का?" लगेच पडद्यावर उत्तरं यायची: हाव सर, हाव सर, हाव सर. सरांना ते वाचून फार बरं वाटायचं. पत्नी गोदावरीबाई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून घरात सरांच्या हाकेला ओ देणारं कुणी नव्हतं. मुलगी मालविका पुण्यात. ती फोनवर विचारायची, "बाबा, बरे आहात ना?" सर म्हणायचे, "हो." एवढ्यावर दोघांचं समाधान व्हायचं, निदान तिचं तरी.

दिवाळीनंतर कोपऱ्यातला आकडा घसरायला लागला. तीनशेवर असलेली पोरं संक्रांतीपर्यंत साठ-सत्तरावर आली. एके दिवशी क्लासचा मालक राघवेंद्र स्वतः वर आला. हा सरांचाच विद्यार्थी, एकेकाळी पहिल्या बाकावर बसणारा. तो खुर्चीच्या पाठीवर हात फिरवत बोलला.

"सर, ही बॅच येत्या रविवारी थांबवू या. तुमच्या शिकवण्यात काही कमी नाही, पण हल्लीच्या पोरांना जरा जोशातलं लागतं. तुम्ही आता आराम करा."

त्याच्या बोलण्यातला आदर सरांना जास्त लागला. कुणी भांडलं असतं तर उलट बोलता आलं असतं. हातून ही बॅच गेली की संध्याकाळी सात वाजता करायचं काय, हे त्यांना खरोखर माहीत नव्हतं.

"मशीनमध्ये तर काही दोष नसेल?" सरांनी जाता जाता आलोकला विचारलं. नेटवर्कचं सगळं काम आलोक बघायचा. हुशार, हसतमुख आणि कानात सदा काहीतरी घातलेला. त्यानं पडदा सरांकडे वळवला. क्लासचा सर्व्हर म्हणजे मुंबईतल्या एका कंपनीकडून भाड्यानं घेतलेला कॉम्प्युटर. सरांचा तास आधी तिथं जायचा आणि तिथून पोरांकडे. आलोकनं त्या सर्व्हरवर स्पीड टेस्ट चालवली. काटा सरसर चढला आणि हिरव्या पट्ट्याच्या टोकाला जाऊन थांबला.

"बघा सर, नऊशेच्या वर. रोज सकाळी आल्या आल्या बघतो मी. मशीन एकदम टकाटक."

आकड्यापुढे माणूस गप्प बसतो, आणि फिजिक्सचा मास्तर तर सगळ्यांच्या आधी बसतो. मशीन चांगलं, पोरं चांगली, मग उरलं कोण? सरांनी घरी बसून स्वतःचा तास मोबाइलवर बघितला. दर तिसऱ्या वाक्याला आपण 'बरं का' म्हणतो, हे त्यांना या वयात पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या दिवशी ते गंजगोलाईच्या बाजारात जाऊन पोपटी रंगाचा शर्ट घेऊन आले. त्या शर्टात त्यांनी हात हलवून, आवाज चढवून शिकवलं, एकही 'बरं का' येऊ दिलं नाही. आकडा आणखी खाली गेला. घरी येऊन त्यांनी तो शर्ट कपाटात अगदी मागं टाकला आणि न जेवता पडून राहिले. इतकं एकटं त्यांना गोदावरीबाई गेल्या त्या रात्रीही वाटलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी एका अनोळखी नंबरावरून फोन आला.

"सर, मी बजरंग बोलायलो, देगलूरकडून. साक्षीचा बाप. एक इचारायचं व्हतं, रागावू नगा. तुमी शिकवायचं सोडलं का?"

"नाही. कोण म्हणालं?"

"कोण न्हाई म्हणालं. पोरगी रोज सातला मोबाइल घिऊन बसती अन् नुसतं चाक फिरतंय. मला वाटलं, सर आजारी हायत की काय."

"अहो, मग तिनं कळवायचं नाही का?"

"कळवती की! रोज लिवती. तुमीच काय उत्तर देईनात."

सरांनी फोन ठेवला. आवाज येतोय का, असं विचारल्यावर 'हाव सर' कोण लिहिणार? ज्याला आवाज येतो तोच. ज्याला येत नाही त्याला मुळात प्रश्नच ऐकू येत नाही. ज्याचं उत्तर 'हाव' सोडून दुसरं येऊच शकत नाही असा प्रश्न आपण रोज विचारत आलो आणि वर खूशही होत आलो. नववीतल्या पोरानं प्रयोगात अशी चूक केली असती तर सरांनी त्याला बाकावर उभं केलं असतं.

ते तसेच क्लासला गेले. "आलोक, तू नऊशे मोजलंस ते कुठून कुठपर्यंत?"

आलोकनं कानातलं काढलं. "म्हणजे?"

"अंतर मोजलं की दोन टोकं सांगावी लागतात. एक टोक तुझा सर्व्हर. दुसरं?"

आलोकनं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. टेस्ट आपोआप सगळ्यात जवळचं ठिकाण निवडते. ते मुंबईतच होतं, बहुतेक त्याच इमारतीत.

"म्हणजे शेजाऱ्याला हाक मारायची आणि म्हणायचं, आवाज देगलूरपर्यंत पोचतोय," सर म्हणाले. "तीही सकाळी, जेव्हा नेटवर कुणीच नसतं."

आलोक खजील झाला, पण हटला नाही. त्यानं साक्षीला फोन करून तिच्या मोबाइलवर टेस्ट घ्यायला लावली. तिचाही काटा हिरव्यात. तिच्या टेस्टनंही तिच्याच मोबाइल कंपनीचं जवळचं ठिकाण गाठलं होतं. मुंबईचा नळ जोरात, देगलूरचा नळ जोरात, आणि मधला पाइप कुणीच बघितलेला नाही.

"तो कसा बघायचा?" सरांनी विचारलं.

"तिथं जाऊनच, सर. सातला."

शुक्रवारी सर एसटीत बसले. उदगीरला गाडी बदलून देगलूरच्या अलीकडच्या त्या गावात पोचेपर्यंत सहा वाजून गेले. बजरंगनं ओट्यावर सतरंजी टाकली, चहा दिला. साक्षी लाजून दाराआडच उभी होती. ज्या सरांना तिनं महिनाभर धड बघितलं नव्हतं ते चपला काढून तिच्या ओट्यावर बसले होते. सातला आलोकनं लातुरातून सरांचा एक रेकॉर्ड केलेला जुना तास थेट तासासारखाच सोडला. साक्षीनं मोबाइल सरांच्या हातात दिला.

चाक फिरलं. मग चित्र आलं आणि थिजलं. सरांना स्वतःचाच चेहरा दिसला, तोंड उघडं, हात अर्धवट वर, आणि आवाज नाही. खाली साक्षीनं लिहिलेल्या निरोपांची रांग होती. प्रत्येकापुढे छोटं घड्याळ.

"ह्ये घड्याळ कसलं गं?" बजरंगनं विचारलं.

"अजून पोचलं न्हाई म्हून. गेल्या महिन्यापासनं तसंच हाय."

सरांनी पुन्हा त्या थिजलेल्या चेहऱ्याकडे बघितलं. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे किल्लारीकडच्या त्यांच्या गावात घराच्या कोसळलेल्या माळवदाची माती अंगावर घेऊन ते असेच पडले होते, तोंड उघडं, एक हात अर्धवट वर. वर माणसं फिरत होती. "कोण हाय का? हाय का कोण?" त्यांना सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. ते "हाय, हाय" म्हणून ओरडत होते आणि मातीतून काही बाहेर पडत नव्हतं. माणसं थांबली, कान देऊन उभी राहिली, आणि जिथून आवाज येत होता त्या पुढच्या घराकडे निघाली. ती पावलं लांब जाताना ऐकली तेवढं एकटेपण माणसाच्या वाट्याला येऊ नये. तेव्हा शेजारची नागम्मा त्या माणसांवर खेकसली होती. तिचे शब्द सरांना अजून पाठ आहेत. "आवाज येईना म्हणूनच हितं खणा की! वरडतोय त्यो एवढ्यात मरत न्हाई."

हे त्यांनी गोदावरीबाईंना सोडून आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. ओट्यावरही सांगितलं नाही. त्यांनी फक्त साक्षीच्या मोबाइलवर लिहिलं, 'आवाज येत नाही', आणि स्वतःच्या मोबाइलवरून आलोकला फोन लावला.

"आलं का काही?"

"नाही सर. इकडं काहीच नाही."

परत आल्यावर सरांनी राघवेंद्रला गाठलं. आलोकनं समजावलं की या गावांकडचा मोबाइल डेटा बहुधा हैदराबादवरून वळसा घालून मुंबईला जातो आणि संध्याकाळी त्या वाटेवर तुंबतो. हैदराबादेतच एक सर्व्हर भाड्यानं घेऊन बघू. राघवेंद्र कुरकुरला. "सर, जे बघतायत त्यांची तर काही तक्रार नाही."

"त्यांची असणारच नाही," सर म्हणाले. "रविवारचा तास मला दे. त्यानंतर तू म्हणशील तसं."

रविवारी नवा सर्व्हर कसाबसा सात वाजायच्या आत उभा राहिला. सर पांढऱ्या शर्टात कॅमेऱ्यासमोर आले. राघवेंद्र दाराशी हाताची घडी घालून उभा.

"सर, एकदा स्पीड टेस्ट घेऊ?" आलोकची बोटं शिवशिवत होती.

"नको. ती आता पोरंच घेतील."

लाल दिवा लागला. सवयीनं 'आवाज' हा शब्द सरांच्या ओठांवर आला. तो त्यांनी गिळला आणि शांत उभे राहिले. कोपऱ्यातला आकडा साठाच्या खालीच होता. राघवेंद्रनं घड्याळात बघितलं. आपण पुन्हा कुणाच्या तरी पावलांची वाट बघतोय असं सरांना वाटलं.

मग पडदा हलला. 'सर आवाज येत न्हाई.' त्याखाली, 'सर दिसत न्हाई.' त्याखाली आणखी.

"गेलं," राघवेंद्र पुटपुटला. "हाही सर्व्हर तसलाच."

"थांबा!" आलोक ओरडला. "हे आजचे नाहीत. तारखा बघा."

महिनाभर पोरांच्या मोबाइलात अडकून पडलेले निरोप वाट मोकळी मिळताच एकदम सुटले होते. ते वाचून होण्याआधीच वर सरकत होते. देगलूरचे, निलंग्याचे, रेणापूरचे. सर आवाज. सर चाक फिरतंय. सर काल पण न्हाई दिसलं. आकडा शंभराच्या वर गेला, मग दीडशेच्या. तीनशे काही झाला नाही. ज्यांनी वाट बघून बघून ॲप काढून टाकलं होतं, त्यांचे निरोप त्या पोरांच्या मोबाइलातच संपले होते. सरांना ते समजलं आणि फार लागलं.

"सर," राघवेंद्र मागून हळू आवाजात म्हणाला, "पुढच्या आठवड्यात कुठला धडा घेणार?"

सरांनी ऐकलं नाही. रांगेचा वेग कमी होत होत एक निरोप पडद्याच्या मधोमध येऊन थांबला. साक्षीचा, संक्रांतीच्या दिवशीचा. 'सर, हाय का तुमी?'

इतकी वर्षं पुस्तकी मराठीत शिकवलेल्या रेवणसिद्ध सरांनी कॅमेऱ्याकडे बघितलं.

"हाय," ते म्हणाले. "हाय, हाय."

पलीकडून, लगेच, उत्तर आलं: 'आवाज आला सर.'