आडवी बसलेली फिल्म

तात्यांच्या घोंगड्यांच्या दुकानातला जुना कॅल्क्युलेटर मी घरी टेबलावर उघडून बसले होते. "आकडे धुरकट दिसत्यात," ही त्यांची तक्रार. तात्यांना हल्ली काहीच धड दिसत नाही. टीव्ही बिघडलेला आणि पेपरची छपाई भिकार. आईला वाचता येत नाही, म्हणून ते रोज सकाळी तिला पेपर वाचून दाखवतात, तेही छपाईला शिव्या घालत.

आकडे जिच्यामुळे दिसतात ती काचेवरची पोलरायझर फिल्म खरंच काळवंडली होती. ती खरवडून मी नवी, जरा मोठी चौकोनी कापून वर ठेवली. काळे आकडे स्वच्छ उमटले.

तात्यांनी कॅल्क्युलेटर जवळ धरला, लांब धरला. "न्हाय पोरी. हाय तसंच हाय."

"सकाळपासून मान मोडून बसलेय मी!" माझं डोकंच फिरलं. फिल्म अजून चिकटवली नव्हती. रागाच्या भरात ती उचलली आणि आडवी आदळली. सगळी पट्टी काळी झाली, आकडे पांढरे दिसू लागले. ही फिल्म आडवी बसली की काळ्याचं पांढरं होतं, पुरतं उलटं! मी ती काढायला गेले, तर तात्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. चार... सात... नऊ. लई झ्याक दिसतंय की!" लहान मुलासारखे ते बटणं दाबत राहिले. "आता टीव्ही बी असाच करून दे."

माझा राग कुठल्या कुठे गेला. "टीव्हीचं नंतर बघू, तात्या. उद्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जाऊ."

त्यांचं बोट बटणावरच थांबलं. स्वयंपाकघराकडं बघत ते हळूच म्हणाले, "आईला सांगू नगंस. सालभर पेपर मी तिला मनानंच वाचून दावतोय."