ताईंच्या खोलीतला उजेड

आमच्या ह्यांना एखादी वस्तू निवडायला सांगावी आणि आपण खुशाल दुसऱ्या कामाला लागावं. या वेळी निवडायचा होता उजेड ओळखणारा सेन्सर, तोही ताईंसाठी. ताई म्हणजे माझ्या नणंद. दृष्टी गेल्यापासून त्या आमच्याकडेच असतात. "दिवा लागलाय की नाही ते मला कळेल असं काहीतरी कर रे," त्यांनी भावाला सांगितलं. "मला भेटायला येते ती मैत्रीण हल्ली संध्याकाळ झाली की लगेच उठते. मी तिला अंधारात तर बसवत नाही ना?"

स्वयंपाकघरातला बल्ब गेला तेव्हा मी ताईंच्या खोलीतला काढून इकडे लावला होता. त्यांना दिसत नाही, त्यांना काय करायचाय, असं माझ्या मनात आलं होतं. नवा आणायचं रोज ठरायचं आणि रोज राहायचं.

ह्यांनी आधी एक साधा, स्वस्त सेन्सर मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे संगणकासारख्या एका चिमुकल्या चिपला जोडला आणि उजेड पडला की वाजेल अशी डबी तयार केली. टेबलावरच्या दिव्याखाली डबी पीं करून वाजली. अंधार पडल्यावर ताई ती घेऊन खोलीत गेल्या, दिव्याचं बटण दाबलं. डबी गप्प.

"हा सेन्सर मठ्ठ आहे," हे म्हणाले. उठून खोलीत डोकावतील तर शपथ! मग फोटोट्रान्झिस्टर नावाचा जरा तल्लख सेन्सर आणला. तोही टेबलावर वाजला आणि खोलीत मुका झाला. तेव्हापासून ह्यांनी सेन्सरच्या माहितीत डोकं खुपसलं. जेवतानाही तेच. मी वाढत होते. माझ्या एका वाक्याने ह्यांचा सगळा खटाटोप वाचला असता. पण ते वाक्य ताईंना ऐकू जाणार होतं आणि मला लाज वाटत होती.

शेवटी डिजिटल सेन्सर आला. डबीत बसवून झाला तेव्हा दिवस मावळला होता आणि ताई बाल्कनीत होत्या. मी स्टूल घेतलं, स्वयंपाकघरातला बल्ब काढला आणि गुपचूप त्यांच्या खोलीत लावून आले.

या वेळी ताईंच्या खोलीत डबी वाजली. ताईंनी बटण बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

"बघ," हे मला म्हणाले, "निवडायला वेळ द्यावा लागतो."

मग ताई डबी घेऊन घरभर फिरायला निघाल्या. बैठकीत वाजली, बाथरूममध्ये वाजली. त्या स्वयंपाकघराकडे वळल्या तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

"ताई, तिकडे फरशी ओली आहे," मी घाईघाईने म्हटलं.

त्या भिंतीला धरून आत गेल्याच. बटण दाबलं. परत दाबलं. डबी गप्प.

बटणावरचं बोट काढून त्या माझ्याकडे वळल्या. मग ह्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्या खोलीतला बल्ब पुन्हा इकडे लाव. तुला शेगडीपाशी लागतो. मैत्रिणीला मी दुपारचं बोलावत जाईन."