माझ्यापुढे उभी राहिलेली कोमल

मित्रांनो, मी एक जुना पॉवर प्रेस आहे. पत्रा कापून बिजागऱ्या करणं हे माझं काम. आंबीजवळच्या एका लहान कारखान्यात मला बसवलं, त्याला बावीस वर्षं झाली. शेजारी नव्या मशिनी आल्या तरी मालक पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "हा म्हातारा अजून दमला नाही." ते ऐकून मला बरं वाटे.

मला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी ती एकदम दाबली तरच माझा वरचा जड ठोकळा खाली येतो. काम करणाऱ्याचे हात बाहेर राहावेत म्हणून ही सोय.

सुदुंबऱ्याची कोमल माझ्यावर काम करू लागली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. हाताने चपळ आणि हसरी. शेजारच्या मशिनवरच्या अनितामावशींनी तिला सगळं शिकवलं. दिवाळीआधी मालाची घाई सुरू झाली आणि उभं राहून राहून कोमलची कंबर धरली. तेव्हा पॅकिंगमधल्या सुहासने खिशातून एक गोळी काढून दिली.

"घे की. दुखणंबी जातंय आन डोकंबी शांत. औषधच हाय, गांजा थोडाच हाय?"

दुखणं थांबलं. आठवड्याने तिने स्वतःहून गोळी मागितली. दोन महिन्यांनी कंबर बरी होती, पण गोळी मिळाली नाही की तिला घाम फुटे, अंग मोडून येई. घेतली की डोळे जड होत.

"कोमल, जेवत न्हाईस, बोलत न्हाईस. काय घेतीस तू?" मावशींनी एकदा विचारलं.

"काय न्हाई ओ मावशी. झोप न्हाई झाली."

हात मंदावले, माल कमी निघू लागला. मग एका सकाळी तिने माझं डावं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं, म्हणजे एकाच हाताने काम उरकावं. अकराच्या सुमारास तिचा डावा हात ठोकळ्याखालच्या साच्यात होता. डोळे क्षणभर मिटले आणि उजव्या हाताने बटण दाबलं गेलं. मी खाली आलो.

मावशींनी धावत येऊन मला बंद केलं आणि आपल्या ओढणीत तिचा हात गुंडाळून तिला तळेगावच्या दवाखान्यात नेलं. दोन बोटांची पेरं गेली. पुढचं मी मावशींच्या तोंडून ऐकलं.

"पोरी, काय घेत असशील ते खरं सांग. भूल देण्याआधी मला कळायला हवं," डॉक्टर म्हणाले. तिने पहिल्यांदा सगळं सांगितलं. घरच्यांना वाटलं, मुलगी वाया गेली. डॉक्टरांनी त्यांना समजावलं, की हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. पाच महिने ती त्यांच्या देखरेखीखाली होती. मधे एकदा घसरली, पुन्हा सावरली.

मला आता शिकाऊ मुलांच्या खोलीत हलवलं आहे. कोमल स्टोअरमध्ये काम करते. जूनमध्ये नवी मुलं आली, तेव्हा ती माझ्यापुढे उभी राहिली आणि तिने हात वर केला.

"मशिनचा दोष न्हाई," ती म्हणाली. "मावशींनी इचारलं तवाच मी खरं बोलले असते, तर ही बोटं असती."

मुलं निघून गेली. दाराशी सुहास तेवढा उरला. तो पार वाळला होता.

"कोमल, मलाबी सुटंना गं."

तिने डावा हात त्याच्यापुढे धरला.

"माझी बोटं गेली, सुहास."

"ठावं हाय. तुला तोंड दाखवायची लाज वाटती."

"लाज ऱ्हाऊ दे. डॉक्टर चारपातुर असतात. चल, मी येते संगं."

दोघं फाटकाकडे चालत गेली.

मित्रांनो, कुणी मैत्रीने गोळी पुढे केली तरी नको म्हणा. आणि आधीच घेत असाल, तर आजच कुणा जाणत्या माणसाला सांगा. मी लोखंडाचा आहे, खाली येऊ लागलो की मधेच थांबणं मला जमत नाही. तुम्हाला जमतं.