संगिताच्या नवसाचा कोंबडा

मी कोंबडा बोलतोय. हसू नका. साधा कोंबडा असतो तर बोललोही नसतो, कारण साधा कोंबडा चार शब्द जोडायच्या वयाला येईपर्यंत टोपात गेलेला असतो. मी नवसाचा कोंबडा आहे. चार वर्षं जगलोय. गंजाडच्या आमच्या पाड्यात एवढं आयुष्य काढलेला दुसरा कोंबडा दाखवा, मी उद्यापासून आरवणं सोडून देईन.

माझा जन्म २०१५ सालचा, बारकी म्हातारीच्या चुलीमागच्या टोपलीतला. आम्ही नऊ भावंडं. दोघांना मुंगसाने नेलं, एकाला घारीने, आणि बाकीच्यांना घरी आलेल्या पाहुण्यांनी. मी उरलो तो रंगामुळे. अंगभर तांबडा, नावालाही पांढरं पीस नाही. देवाला असाच लागतो म्हणे. देव चोखंदळ असतो. माणसं बिचारी कुठल्याही रंगाचा खातात.

बारकीची सून संगिता. तेव्हा ती बावीसेक वर्षांची असेल. सातवीपर्यंत शिकलेली, म्हणजे काळजी करायला लागेल एवढं वाचता येणारी. खोकल्याच्या बाटलीवरची तारीख ती तीनदा वाचायची, लसीचं कार्ड पाच वेळा. तिची मुलगी चिमी तीन वर्षांची होती. चिमी शिंकली की संगिताचा हात आधी पोरीच्या कपाळाला जायचा आणि मग स्वतःच्या.

चिमीचा बाबा सुनिल वर्षभरापूर्वी तारापूरच्या एका कंपनीत कामाला लागला आणि चिंचणीला खोली घेऊन राहिला. सुरुवातीला दर शनिवारी यायचा, येताना फरसाणाचा पुडा आणायचा. मग पंधरा दिवसांनी यायला लागला. मग नुसता फोन येऊ लागला. मग संगिता फोन लावायची आणि त्यातली बाई सांगायची की आपण ज्यांना फोन केला आहे ते आत्ता उपलब्ध नाहीत. त्या दिवसांत संगिताशी नीट बोलणारी तेवढी एकच बाई होती.

दुसरी बाई जमना, शेजारची. ती एकदा चिंचणीला सुकी मासळी आणायला गेली आणि मासळीबरोबर बातमीही घेऊन आली.

"अगो संगिता, तुझा घरवाला दिसला गो. एका बाईच्या ओट्यावर बसून चहा पीत होता. ती बोंबील उलटवत होती, हा बशी फुंकत होता."

"कंपनीतली असेल कोणी," संगिता म्हणाली.

"असेल. दिसायला बरी हाय हां. मी आपलं सांगितलं. माझ्या पोटात काय राहात नाय."

आता दुसरी एखादी चिंचणीला गेली असती आणि त्या बशीसकट नवऱ्याला उचलून घेऊन आली असती. संगिता तशी नव्हती. नवऱ्याशी भांडायला फोन लागत नव्हता, आणि देव तर पाड्याच्या कडेलाच बसलेला होता. तिने भांडण देवाशी सुरू केलं.

काकड्या भगताने सुपात तांदूळ मांडले, बोटाने इकडे-तिकडे केले आणि सांगितलं, "कोणाची तरी नजर लागली हाय तुमच्या जोड्याला." भगत अनुभवी माणूस. ज्या घरातला नवरा घरी नाही, तिथे काहीतरी बिघडलंय हे त्याने सुपात बरोबर ओळखलं.

मग गावदेवापुढे नवस बोलला गेला. तेव्हा मी संगिताच्या काखेत होतो. ती म्हणाली, "देवा, चिमीचा बाबा घरी येऊन राहू दे. आम्ही दोघं जोडीने येऊन हा तांबडा तुला देऊ."

हे ऐकताना सगळ्यांनी हात जोडले. मला हात नाहीत, पण हिशेब कळतो. संसार जुळला की माझी मान जाणार. सुनिलने चिंचणीतच सुखाने राहावं असं त्या बोंबीलवाल्या बाईनंतर या जगात कोणाला मनापासून वाटत असेल तर ते मला.

तेव्हापासून मात्र माझा थाट सुरू झाला. कोणी दगड मारायचा नाही, कोणी हुसकवायचं नाही. मी ओटीवर चढून घाण केली तरी बारकी म्हणायची, "असू दे, देवाचा हाय." हेच चिमीने केलं की पाठीत धपाटा.

इकडे मी फुगत गेलो आणि तिकडे संगिता वाळत गेली. आधी सोमवार धरला. मग कोणीतरी सांगितलं म्हणून गुरुवार. मग शुक्रवार, कारण तो राहिला तर बरं दिसत नाही. वार सातच आहेत हे त्या घराचं नशीब. चिकूच्या वाडीत दिवसभर काम करून ती यायची, पोरीला भात वाढायची आणि आपण पाणी पिऊन देवापुढे बसायची. चिमी घास हातात धरून आईकडे बघत राहायची. मोठ्यांना वाटतं पोरं जेवतायत. पोरं शिकत असतात.

चिमी माझी मैत्रीण. मला ती तांबू म्हणायची. देवाचा म्हणून मला सगळे मान द्यायचे, पण काखेत घालून विहिरीपर्यंत फिरवून आणणारी ती एकटीच.

२०१७ साली भातकापणी झाली आणि सुनिल आला. स्वतःहून आला. म्हणाला, "आता इथंच राहतो. वाडीत नायतर गवतकापणीला काम बघतो."

बारकी रडली. जमना धावत येऊन म्हणाली, "पावला गो तुझा देव!" संगिताने चूल पेटवली आणि त्या दिवशी घरात जे जे होतं ते सगळं शिजवलं. मी तेवढा वाचलो, कारण मी रविवारच्या नवसासाठी राखीव होतो.

चार दिवस तो राहिला. एक कौल सरळ केला, चिमीला खांद्यावर घेऊन एकदा दुकानापर्यंत गेला आणि उरलेला वेळ ओटीवर बसून फोनकडे बघत होता. संगिता त्याच्यासमोरून जाताना पदर नीट करायची. मला आवडत नव्हतं ते, पण माझं कोण ऐकतं?

शनिवारी संध्याकाळी चिमीने आजीला विचारलं, "उद्या तांबूला काय करणार?"

"देवापुढे नेणार. त्याच्यापुढे तांदूळ टाकणार. त्याने टिपले म्हणजे देव राजी. मग कापायचा."

"आणि नाय टिपले तर?"

"तर देवाला नको असतो. मग नाय कापत."

चिमी पाच वर्षांची होती. तिला एवढं पुरेसं होतं.

रविवारी उजाडल्या उजाडल्या तिने मला गवताच्या गंजीमागे नेलं आणि टोपातला सगळा शिळा भात माझ्यापुढे ओतला, वर सुकटीचं कालवण. मी खाल्लं. ती "अजून, अजून" म्हणत राहिली आणि मीही नाही म्हणालो नाही. माझ्या गळ्याखालची पिशवी कैरीएवढी फुगून एका बाजूला लोंबायला लागली.

नंतर गावदेवापुढे जोडी बसली. संगिताने लग्नातली साडी नेसली होती. काकड्याने तांदूळ टाकले. सगळा पाडा श्वास रोखून माझ्या चोचीकडे बघत होता. एवढं महत्त्व मला पुन्हा कधी आलं नाही. पण देवाशपथ सांगतो, मी काही मोठा विचारबिचार केला नाही. माझ्या घशाशी भात आला होता. मी मान वळवली. काकड्याने पुन्हा टाकले. मी पुन्हा मान वळवली. तिसऱ्यांदा मी देवाकडे पाठ केली आणि जे देवापुढे करू नये ते केलं.

"देव राजी नाय," काकड्या हळूच म्हणाला.

सुनिल उठला, पँटची माती झटकली. "देवालाच आमचं नको हाय तर मी काय करणार?" आवाज अगदी पडलेला. पाय मात्र भराभर चालले. दुपारच्या एसटीला अजून तासभर होता, तरी तो जाऊन थांब्यावर उभा राहिला.

कोणी म्हणालं, जोड्यातच दोष हाय. संगिताने तो दोष एकटीने उचलला. आंघोळीत कमी राहिलं का? मनात काही वाईट आलं होतं का? साडी बदलायला हवी होती का? त्यापुढची दोन वर्षं तिने स्वतःला एवढे प्रश्न विचारले, त्यातला एकही सुनिलला विचारला नाही. उपास वाढले. मी आणखी जाडा झालो. काकड्या म्हणाला, "तांबडा ठेवून दे. तो आला की पुन्हा विचारू." तो आला नाही. आणि चिमीने मला काखेत घेणं सोडलं. मला वाटलं मी जड झालो म्हणून.

२०१९ च्या दिवाळीआधीची गोष्ट. चिमी तेव्हा दुसरीत. शाळेच्या बाई वाडीतून परतणाऱ्या संगिताला रस्त्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "अहो, चिमी सोमवारी, गुरुवारी, शुक्रवारी खिचडीच खात नाही. ताट दुसऱ्या मुलीला देते. म्हणते, माझा उपास आहे. आज प्रार्थनेला चक्कर येऊन पडली."

संगिता धावतच घरी आली. चिमी अंगणात बसलेली, मी तिच्याजवळ माती उकरत होतो.

"कोणी सांगितला तुला उपास?"

"कोणी नाय."

"मग?"

"तू करतेस ना."

"मी मोठी हाय. माझं वेगळं हाय."

"माझं पण हाय," चिमी म्हणाली. "बाबा माझ्यामुळे गेले. मी तांबूला सकाळीच पोटभर भात चारला होता. म्हणून त्याने तांदूळ नाय खाल्ले. देव राजी होता, आई. तांबूचं पोट भरलं होतं."

संगिता तिथेच मातीत बसली. पोरीला छातीशी धरलं, पण रडली नाही. ती माझ्याकडे बघत होती. दोन वर्षं ज्याला ती देवाचा राग समजत होती, ती बारकीच्या टोपातली शिळी शितं होती. मी मान वळवून दुसरीकडे पाहिलं. मला त्याची सवय आहे.

बारकीला मात्र आनंद झाला. "म्हणजे देव राजीच होता की!" म्हणत ती काठी न घेता काकड्याकडे गेली. काकड्या आला. त्याने सगळं ऐकलं, डोकं खाजवलं आणि निवाडा दिला. तो कौल धरायचा नाही. कोंबडा एक दिवस उपाशी ठेवायचा, सुनिलला बोलवायचं आणि देवाला पुन्हा विचारायचं.

"माझ्या फोनवरून लाव," जमना म्हणाली. "माझा नंबर त्याच्याकडे नाय, म्हणजे उचलेल."

आणि त्याने खरंच उचलला. बारकीने सगळं सांगितलं. पलीकडून आवाज आला, "बघतो. जमलं तर रविवारी येतो."

सगळ्यांची तोंडं उजळली. संगिताने हे वाक्य ऐकायला पाच वर्षं काढली होती. शनिवारी मला डालग्याखाली कोंडलं. दाणा नाही, पाणी नाही. डालग्याच्या फटीतून मला संगिता दिसत होती. घरात आम्ही दोघंच उपाशी होतो, आणि मला पहिल्यांदाच तिची दया आली. उपाशी पोटी समोर येईल ते टिपलं जातं हो. उद्या मी टिपणार होतो. त्याला लोक देव म्हणणार होते.

रविवारी सकाळी डालगं उचललं गेलं. मी मान आत घेतली. पण समोर पाण्याची वाटी आली आणि मूठभर भात.

"अगो, काय करतेस?" बारकी ओरडली. "आज देवाकडे जायचंय ना! सुनिल यायचाय!"

"मी जाते. चिमीला घेऊन."

"त्याच्याशिवाय?"

"आये," संगिता म्हणाली, "तो चार दिवस घरात राहिला ना, तेव्हा त्याची बॅग खुंटीला होती. चारही दिवस त्याने बॅगेची चेन उघडली नव्हती. एकच शर्ट रोज धुवायला टाकायचा. मी बघत होते. बघून न बघितल्यासारखं करत होते. ज्याला राहायचं असतं तो कोंबड्याला विचारत नाय."

बारकीने रिकामं डालगं कोपऱ्यात नेऊन ठेवलं. मुलगा तिचा होता, चेन तिनेही बघितली असणार.

गावदेवाजवळ काकड्या तांदूळ घेऊन तयार. "सुनिल कुठंय?"

"नाय."

"मग तांदूळ कसे टाकू?"

"नका टाकू, बाबा. याला काही विचारायचं नाय आता." संगिताने मला खाली ठेवलं आणि हात जोडले. "देवा, तू ऐकलं नाय असं मी म्हणणार नाय. तू त्याला दारापर्यंत आणलंस. आत राहायचं त्याच्या मनात नव्हतं, त्याला तू तरी काय करणार? मी मागितलेलं परत घेते. माझी पोर सात वर्षांची हाय, ती उपाशी राहायला लागली. तिचा उपास तू सोडव. माझा मी सोडते."

काकड्याला चाळीस वर्षांत असं कोणी केलं नव्हतं. नवस फेडतात, विसरतात, पण परत कसा घ्यायचा? त्याने हातातले तांदूळ परत सुपात टाकले. मग म्हणाला, "नारळ फोड. पोरीला पहिला तुकडा दे."

"आणि तांबू?" चिमीने विचारलं.

"घरी ने," काकड्या म्हणाला.

चिमीने खोबरं खाल्लं. संगितानेही खाल्लं, तिथेच, उभ्याने, आणि दुसरा तुकडा मागितला.

सुनिल त्या रविवारी आला नाहीच. सोमवारी जमनाच्या फोनवर त्याचा फोन आला, म्हणे कंपनीत काम निघालं, पुढच्या रविवारी बघतो. संगिता म्हणाली, "राहू दे," आणि फोन जमनाला परत दिला. नंतर घरात जाऊन फोडणीत लसूण टाकली. थोडी करपली. ती चिंता करायची थांबली आहे असं समजू नका. आता ती चिमीच्या शाळेची करते, पावसात गळणाऱ्या कौलांची करते, लोक काय म्हणतील याची तर रोज करते. फक्त जेवून करते.

पंचाईत झाली आहे ती माझी. चार वर्षं मी देवाचा होतो, आता नुसता कोंबडा आहे. कालच जमना कुंपणावरून संगिताला म्हणाली, "आता कसं गो व्हायचं तुझं, एकट्या बाईचं?" विचारलं तिला, पण बघत होती माझ्या तंगडीकडे. मी म्हातारा आहे, मांस चिवट झालंय, दोन दिवस शिजवलं तरी दात पडतील, हे तिला कोणीतरी सांगायला हवं.

तुम्ही कधी गंजाडला आलात तर संगिताकडे जरूर जा. सोमवारी गेलात तरी चालेल, हल्ली ती सोमवारी जेवते, आणि पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नाही. फक्त एवढी कृपा करा. दारातूनच मोठ्याने सांगा, की आम्ही कोंबडी खात नाही.